सिंदखेडची समाधी आणि शिपायाचे नाव

सिंदखेडराजास जाणारा यात्रेकरू बहुधा राजवाड्यातच रमतो. १२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊसाहेबांचा जन्म तेथे झाला, तेव्हा ते योग्यच होय. परंतु त्याच गावी त्यांचे पिते राजे लखुजीराव जाधव यांची घुमटाची भव्य समाधी आहे. तिकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

लखुजीराव रणांगणावर पडले नाहीत. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारी मुजऱ्यास गेले असता त्यांच्यावर दगा झाला. पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही तेथेच मारले गेले. एका घराच्या तीन पिढ्या एका दिवशी! जन्मभर तलवार गाजविलेल्या पुरुषास वीर म्हणण्यासाठी मरणही रणातच यावे, असे आम्ही मानीत नाही. २०२४ साली पुरातत्त्व खात्याचे काम चालू असता समाधीच्या परिसरात शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली, आणि काही दिवस का होईना, लोकांस या वास्तूचे स्मरण झाले.

मात्र ही चार नावे राहिली ती सरदार घराण्याची म्हणून. त्यांच्या पदरच्या शिलेदार-बारगिरांची नावे कोणी कोरावी? त्या काळी समाधी धन्याची. शिपायाच्या वाट्यास फार तर वेशीजवळचा वीरगळ, तोही बहुधा निनावी. इंग्रजी अमदानीत पहिल्या महायुद्धानंतर कित्येक गावी शिला बसल्या. गावातून इतके इसम लढाईस गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच हिशेब तीवर. नाव एकाचेही नाही. दिल्लीस १९३१ साली इंडिया गेट पुरे झाले, त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे आली. स्वतंत्र भारताच्या जवानांस मात्र राष्ट्रीय युद्धस्मारकासाठी २५ फेब्रुवारी २०१९ पर्यंत थांबावे लागले. तेथे आज पंचवीस हजारांवर नावे कोरलेली आहेत.

त्याच महिन्याच्या १४ तारखेस पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाले. त्यांत मलकापूरचे संजय राजपूत व लोणार तालुक्यातील चोरपांगऱ्याचे नितीन राठोड, हे दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे. युद्धस्मारक सैन्यदलांचे; पोलीस दलांचे स्मारक चाणक्यपुरीत निराळे. ही वाटणी सरकारदप्तरी ठीक असेल. गावाने ती पाळण्याचे कारण नाही.

तरी पुढील अंकासाठी वाचकांनी आपापल्या गावचे कामास आलेले शिपाई, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, पूर्ण नाव, पलटण व साल यांसह आम्हांस कळवावेत.