सोळा आण्यांचे पीक

“यंदा पीक किती आणे?” हा प्रश्न वऱ्हाडात एके काळी पावसापाण्याच्या चौकशीइतकाच सहज विचारला जाई. सर्वसाधारण चांगले पीक म्हणजे सोळा आणे. उभे पीक नजरेने पाहून महसुली अधिकारी आणे ठरवीत. सर्वसाधारण उत्पन्नाच्या आकड्याला त्या आण्यांनी व लागवडीच्या क्षेत्राने गुणले की जिल्ह्याचे उत्पादन निघे. क्षेत्राची नोंद गावदप्तरात शेतवार असल्याने ती बरीच विश्वसनीय होती. सारा दुबळेपणा आण्यांत होता.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो क्षुल्लक म्हणता येत नव्हता. काळ्या जमिनीचा हा मुलूख कापसावर जगणारा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे घातली गेली तीही कापसासाठीच. कापसाचा एक गुण असा की, अंदाज चुकला तर तो लपत नाही. 1925 च्या कायद्याने दाबगिरण्यांना गाठींचे आकडे कळविणे भाग पडले, आणि शेतातला अंदाज व गिरणीतल्या गाठी यांचा मेळ बसेना.

यावर उपाय शोधला तो शेजारच्या अकोला जिल्ह्यात. 1942-43 च्या हंगामात भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या योजनेखाली तेथे नमुना पाहणी झाली. डॉ. व्ही. जी. पानसे आणि इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे संशोधन करून आलेले डॉ. आर. जे. कळमकर ही त्यामागची नावे. पद्धत ऐकायला साधी होती. गावे यदृच्छेने निवडायची, गावातील शेतेही तशीच, आणि शेतातील तुकड्याची जागासुद्धा आकड्यांनीच ठरवायची. आखलेल्या तुकड्यातला कापूस वेचून तोलायचा. गव्हाची कापणी एकदाच होते. कापसाच्या वेचण्या मात्र अनेक. म्हणून तोच तुकडा अखेरच्या वेचणीपर्यंत सांभाळावा लागे.

यदृच्छेचा एवढा आग्रह कशासाठी? माणसाची नजर निष्पक्ष नसते. ती कधी डेरेदार पऱ्हाटीकडे वळते, तर कधी कळवळ्याने वाळलेल्या वावराकडे. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी तर गव्हावरील प्रयोगांतून दाखविले की, तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते. 1946 साली त्यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडले. पुढे पानसे व सुखात्मे यांनी मिळून कृषिसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ 1954 साली प्रसिद्ध झाला. त्यावर देशातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या.

आणे गेले, पैसे आले. आणेवारीची पैसेवारी झाली. पीककापणी प्रयोग मात्र टिकला, आणि त्याचे ओझेही वाढले. 2016 च्या खरिपापासून लागू झालेल्या पीकविमा योजनेत मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाहून कमी भरले, तर भरपाई देय ठरते. म्हणजे मोजक्या तुकड्यांचे वजन शेकडो कुटुंबांचे वर्ष ठरविते. तुकडा सोयीने निवडला, एखादी वेचणी राहिली, तर तो दोष गणिताचा नव्हे. पण भोगणारा शेतकरीच असतो.

आणखी एक मर्यादा आम्हांला नोंदवावीशी वाटते. सरासरी मंडळाची असते, नुकसान एकट्याचे. नाल्याकाठचे एखादे वावर खरडून गेले तरी मंडळाचा आकडा ठीक असू शकतो. पानसे-सुखात्मे यांचे शास्त्र जिल्ह्याचे पीक मोजण्यासाठी घडले होते, एका घराचे दुःख मोजण्यासाठी नव्हे. ते शास्त्र प्रामाणिकपणे राबविणे हे आपले पहिले कर्तव्य. आणि ते जिथे थांबते तिथून पुढे पाहणे, हे दुसरे.