शियाचा चुलतभाऊ मुरबाडला राहतो

घरी हेअर क्रीम करायची म्हटलं की सामानाच्या यादीत पहिलं नाव येतं शिया बटरचं. ठाण्यात किंवा डोंबिवलीत बसून ते मागवता येतं, दोन-चार दिवसांत दारात हजर. पश्चिम आफ्रिकेतल्या बायका मेहनतीने ते काढतात आणि ते असतंही छान. त्यात खोट काढायची नाही. पण कल्याणहून एसटीने जिथे सहज जाता येतं, त्या मुरबाड-शहापूरच्या रानात शियाचा चुलतभाऊ उभा आहे. त्याचं नाव आपल्या यादीत का नाही?

हा चुलतभाऊ म्हणजे मोह. नातं मी जुळवलेलं नाही, वनस्पतिशास्त्राने जुळवलंय. शिया, मोह आणि आपला चिकू, तिघंही एकाच कुळातले. मुंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९५ ते १७९७ या काळात नायजर नदीच्या शोधात फिरला. १७९९ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने शियाच्या बियांपासून लोणी काढणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं. पुढे युरोपीय शास्त्रज्ञांनी त्या झाडाला ‘बॅसिया पार्की’ म्हटलं. रॉक्सबर्गने आपल्या मोहाला दिलेलं नाव होतं ‘बॅसिया लॅटिफोलिया’. म्हणजे बराच काळ दोघांचं आडनावही एकच होतं. आता दोन्ही नावं बदलली आहेत, पण ते राहू दे.

मोहाची फुलं वसंतात पडतात, फळं त्यानंतर पिकतात. फळातली बी फोडून वाळवायची, कुटायची, वाफवायची आणि दाबून तेल काढायचं. गराच्या वजनाच्या साधारण निम्मी चरबी निघते. थंडीत ते तुपासारखं थिजतं, उन्हाळ्यात वितळतं. आदिवासी घरांत या तेलाने भाजी फोडणीला पडली, दिवा लागला, अंगाला आणि केसांना चोळणं झालं. उरलेल्या पेंडीत फेस आणणारं सॅपोनिन असतं. तमिळनाडूत या झाडाच्या तिथल्या भावंडाच्या पेंडीने केस धुवायची जुनी रीत आहे. एकाच बीतून तेलही आणि शॅम्पूही!

मग हे तेल शहरात का पोचलं नाही? कारणं अनेक असतील, पण एक मला फार बोलकं वाटतं. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. गावातल्या गावात गाळली जाणारी मोहाची दारू सरकारच्या महसुलाच्या आड येत होती. १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी ‘म्होवरा अ‍ॅक्ट’ करण्यात आला. मोहफुलं बाळगणं आता संशयाचं झालं. जे झाड ठाकर, कातकरी, वारली घरांना खायला, प्यायला, माखायला देत होतं, त्याची सरकारदरबारी ओळख उरली ती एकच. कायद्याची नजर फुलावर होती, बीवर नव्हती, तरी बदनामी अख्ख्या झाडाची झाली. आजही शहरात ‘मोह’ म्हटलं की समोरचा डोळा मारतो. फुलांवरचे निर्बंध राज्य सरकारने सैल केले ते थेट २०२१ साली.

डोंगर सोडून खाडीकडे या, तर तिथलं तेल वेगळं आणि काढणारेही वेगळे. कोकणपट्टीतल्या बेने इस्रायल ज्यूंचा जुना धंदा तेलाच्या घाण्याचा. शब्बाथ पाळायचा म्हणून ते शनिवारी बैल जुंपत नसत आणि गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. गंमत पाहा, शनिवारी तेल विकत आणू नये असं मानणारी घरं आपल्याकडे आजही आहेत. यांच्याकडे त्या दिवशी घाणाच बंद. पुढे यातले अनेकजण पलटणीत, कारखान्यांत, कचेऱ्यांत गेले. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं त्यांचं सिनेगॉग १८७९ सालचं. इस्रायल झाल्यावर बरीच कुटुंबं तिकडे गेली. सिनेगॉग आहे, घाणा नाही.

तिसरी चरबी कोकमाची. आमसुलं करून उरलेल्या बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं, थिजलं की हाताने गोळे वळायचे. दक्षिण कोकणात याला भिरंडेलही म्हणतात. भेगाळलेल्या टाचांवर ते लावणाऱ्या आज्या अजून आहेत. १८६८ सालच्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त ब्रिटिशांनी त्याची अधिकृत औषधी पदार्थांत नोंद केली. उष्ण हवेत मलम पातळ होऊ नये यासाठी असा कडक, पांढरा आधार सोयीचाच.

आणि ‘क्रीम’? तीही काही विलायतेहून आलेली कल्पना नव्हे. आयुर्वेदातलं शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप. घोटता घोटता पाणी तुपात शिरतं, तुपाचा वास आणि रवाळपणा जातो, हाताला पांढरी मऊ क्रीम लागते. केसांच्या क्रीमची बाटली मात्र विलायतेची. ब्रिलक्रीम १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये निघालं: पाणी, मेण आणि खनिज तेल. म्हणजे बीच्या जागी पेट्रोलियम आलं.

आता ओट्यापाशी. खोबरेल साधारण २४ अंशांला वितळतं, शिया पस्तिशीच्या आसपास, कोकमतेल ३८ ते ४० अंशांना. म्हणून नुसत्या खोबरेलाची क्रीम डोंबिवलीच्या मे महिन्यात डब्यात वाहते आणि कोकमतेल घातलेली तग धरते. एक भाग कोकमतेल, तीन-चार भाग खोबरेल किंवा तिळाचं तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, उतरवून गार होऊ द्यायचं, कडेने थिजायला लागलं की रवीने घुसळायचं. माक्याचा किंवा जास्वंदीचा रस हवा असेल, तर तो आधी तेलात घालून पाणी पूर्ण आटेपर्यंत मंद आचेवर कढवायचा. थेंबभर पाणी राहिलं तरी आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. मोहाचं तेल मिळालं तर खोबरेलाच्या निम्म्या जागी ते चालेल, पण त्याचा वास उग्र असतो. आधी मनगटावर लावून बघा, मग ठरवा.