परिचर्येतील समग्र आरोग्यविचार

आरोग्य व आजार ही एकाच जीवनप्रक्रियेची दोन रूपे असून रुग्णाला स्वतःच्या जीवनाचा अर्थ उमगावा म्हणून त्याच्या सन्निध राहणे हे परिचर्येचे मुख्य कार्य होय, असे प्रतिपादणारी परिचर्याशास्त्रातील विचारसरणी. ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. मार्था रॉजर्स (१९१४–९४) यांनी तिचा पाया घातला आणि त्यांच्या विद्यार्थिनी मार्गारेट न्यूमन (१९३३–२०१८) यांनी ‘आरोग्य म्हणजे विस्तारत जाणारी जाणीव’ या सूत्राच्या आधारे तिला आरोग्यसिद्धांताचे स्वरूप दिले.

पूर्वपीठिका : रोग बरा करण्याचे काम निसर्ग करतो व त्यास अनुकूल अशा स्थितीत रुग्णाला ठेवणे हे परिचर्येचे काम होय, असा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी नोट्स ऑन नर्सिंग (१८५९) या पुस्तकात मांडला. शुद्ध हवा, प्रकाश, स्वच्छता, शांतता व योग्य आहार यांवर त्यांचा भर होता. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये त्यांच्या नावे परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले आणि या व्यवसायाला प्रतिष्ठा लाभली. पुढे मात्र जंतुशास्त्र, शस्त्रक्रिया व औषधे यांच्या प्रगतीबरोबर रुग्णालयाचे सारे व्यवहार रोगाभोवती केंद्रित झाले. परिचारिका ही वैद्याच्या सूचना अमलात आणणारी साहाय्यक ठरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परिचर्येचे शिक्षण हळूहळू विद्यापीठांत जाऊ लागले. ते उच्च शिक्षणसंस्थांतूनच दिले जावे, अशी भूमिका अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्ये घेतली. विद्यापीठातील विद्याशाखेला स्वतःचे ज्ञानक्षेत्र असावे लागते. परिचर्येचे असे ज्ञानक्षेत्र कोणते, या प्रश्नातून अनेक सिद्धांत पुढे आले. हिल्डगार्ड पेप्लाउ (१९०९–९९) यांनी १९५२ मध्ये परिचारिका व रुग्ण यांच्या परस्परसंबंधालाच परिचर्येचे केंद्र मानले. जॉइस ट्रॅव्हलबी (१९२६–७३) यांनी १९६६ मध्ये रुग्णाच्या दुःखभोगाकडे व त्यात अर्थ शोधण्याच्या त्याच्या धडपडीकडे लक्ष वेधले.

आरोग्याच्या व्याख्येचा प्रश्नही याच काळात महत्त्वाचा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेने आरोग्याची संकल्पना रोगाभावापुरती मर्यादित न ठेवता संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्यापर्यंत विस्तारली. ही व्याख्या उदार खरी. परंतु तिच्या कसोटीवर असाध्य किंवा दीर्घकालीन व्याधी असलेला मनुष्य कधीच आरोग्यवान ठरू शकत नाही. त्याच्या वाट्याला येणारे जीवन हे केवळ न्यूनतेचे जीवन मानायचे काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लकच राहिला.

रॉजर्स यांची उपपत्ती : न्यूयॉर्क विद्यापीठातील परिचर्या विभागाच्या प्रमुख असताना रॉजर्स यांनी ॲन इंट्रोडक्शन टू द थिअरेटिकल बेसिस ऑफ नर्सिंग (१९७०) हा ग्रंथ लिहिला. शरीर, मन व समाज असे तुकडे जोडून मनुष्य समजत नाही. तो एकसंध असून भोवतालच्या परिसराशी त्याची अखंड देवघेव चालू असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. मनुष्य व परिसर ही दोन्ही ऊर्जाक्षेत्रे असून त्यांची ओळख आकृतिबंधावरून पटते, असे त्यांनी म्हटले. आरोग्य व आजार हे शब्द त्यांच्या मते समाजाने केलेल्या मूल्यमापनाचे द्योतक आहेत.

न्यूमन यांचा सिद्धांत : मार्गारेट न्यूमन यांचा जन्म टेनेसी राज्यातील मेंफिस येथे झाला. बेलर विद्यापीठातून १९५४ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे आपल्या आईची शुश्रूषा केली. आईला स्नायू क्रमाक्रमाने निकामी करणारा असाध्य मज्जाविकार जडला होता. हालचाल थांबली, तरी आईचे व्यक्तित्व व तिचे इतरांशी असलेले नाते अखंडच होते, हा अनुभव त्यांच्या पुढील विचाराचे मूळ ठरला. त्यानंतर त्या परिचर्येच्या शिक्षणाकडे वळल्या व १९७१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डॉक्टरेट पदवीच्या मानकरी झाल्या. चालण्याची गती व काळाची जाणीव यांचा संबंध हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आपला आरोग्यविचार त्यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क येथील परिषदेत प्रथम मांडला आणि हेल्थ ॲज एक्स्पांडिंग कॉन्शसनेस (१९८६, दुसरी आवृत्ती १९९४) या ग्रंथात तो विस्ताराने विशद केला.

ज्याला आजार म्हटले जाते, त्याचाही अंतर्भाव आरोग्यात होतो, हे या सिद्धांताचे पहिले गृहीतक. आजार हा व्यक्तीच्या समग्र जीवनाच्या आकृतिबंधाचा आविष्कार असतो. हा आकृतिबंध शरीरातील दृश्य बिघाडाच्या आधीपासून अस्तित्वात असतो आणि केवळ बिघाड दूर केल्याने तो पालटत नाही. जाणीव या शब्दाचा अर्थ येथे व्यापक आहे. परिसराशी देवघेव करण्याची संपूर्ण क्षमता, म्हणजे विचार व भावना यांबरोबरच शरीराच्या सर्व प्रतिक्रियाही, तीत येतात. ही कल्पना इट्झॅक बेंटॉव्ह यांच्या लेखनातून घेतलेली आहे. अस्थिरतेतून नवी व्यवस्था निर्माण होऊ शकते, हा रसायनशास्त्रज्ञ इल्या प्रिगॉझिन यांचा विचारही न्यूमन यांना साहाय्यभूत ठरला. गंभीर आजारात जगण्याचे जुने मार्ग निरुपयोगी होतात. ती अव्यवस्था नव्या वळणाची संधी ठरू शकते, असे त्यांनी त्यावरून प्रतिपादिले.

कार्यपद्धती : परिचारिका रुग्णाला त्याच्या जीवनातील सर्वांत अर्थपूर्ण व्यक्ती व घटना यांविषयी विचारते आणि मध्ये न अडवता त्याचे म्हणणे ऐकते. नंतर त्या घटना कालक्रमाने मांडून नात्यांचा आराखडा काढते व पुढील भेटीत तो रुग्णापुढे ठेवते. निष्कर्ष सांगणे किंवा उपदेश करणे तिने टाळावयाचे असते. आपल्या जीवनाची घडण रुग्णाने स्वतः ओळखावी, एवढाच हेतू असतो. या संवादात परिचारिकेचीही जाणीव बदलते, म्हणून संशोधन व प्रत्यक्ष परिचर्या यांत न्यूमन भेद करीत नाहीत. हृद्रोगी व कर्करोगी यांच्यासंबंधी या पद्धतीने अनेक अभ्यास झाले. त्यांपैकी एमिको एंडो यांनी अंडाशयाचा कर्करोग झालेल्या जपानी स्त्रियांविषयी केलेला व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे.

आक्षेप व मूल्यमापन : या विचारसरणीवरील पहिला आक्षेप पुराव्यासंबंधीचा आहे. मानवी ऊर्जाक्षेत्र कोणत्याही उपकरणाने मोजता आलेले नाही. रॉजर्स यांच्या सहकारी डोलोरेस क्रीगर यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘उपचारक स्पर्श’ ही पद्धती प्रचारात आणली व तिच्या स्पष्टीकरणासाठी ‘प्राण’ ही भारतीय संकल्पना वापरली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या पद्धतीच्या २१ अभ्यासकांना पडद्याआडून, आपल्या कोणत्या हाताजवळ दुसऱ्याचा हात धरला आहे, हे ओळखावयाचे होते. २८० प्रयत्नांपैकी ४४ टक्केच अचूक ठरले; केवळ अंदाजाने याहून अधिक, म्हणजे निम्मी उत्तरे बरोबर येण्याची अपेक्षा असते.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. आजार हा जीवनाच्या आकृतिबंधाचा आविष्कार मानल्यास त्याचा दोष रुग्णाच्याच माथी मारला जाण्याचा धोका संभवतो. जंतुसंसर्ग, आनुवंशिक विकार व दारिद्र्यजन्य कुपोषण यांची कारणे व्यक्तीच्या आत्मबोधापलीकडची असतात. न्यूमन यांना रुग्णास दोषी ठरवावयाचे नव्हते व वैद्यकीय उपचारांना त्यांचा विरोधही नव्हता; तथापि हा गैरसमज टाळण्याइतकी त्यांची भाषा सुस्पष्ट नाही. याखेरीज एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असताना दीर्घ संभाषणास अवसर कोठून मिळणार, ही व्यवहारातील अडचणही आहेच.

ऊर्जाक्षेत्राची परिभाषा बाजूस ठेवली, तरी या सिद्धांतातील एक भाग टिकून राहतो. मधुमेह, पक्षाघात, कर्करोग यांसारख्या व्याधींसह अनेकांना वर्षानुवर्षे जगावे लागते. अशा वेळी व्याधी हटत नसली, तरी तिच्यासह कसे जगावे या शोधात साथ देणे शक्य असते, आणि तो काळ रुग्णाच्या सर्वाधिक निकट राहणाऱ्या परिचारिकेच्या कक्षेत येतो. न्यूमन यांनी १९९१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात मानवाच्या आरोग्यानुभवातील आस्था हा परिचर्याशास्त्राचा विषय म्हणून निश्चित केला. जीन वॉटसन व रोझमेरी पार्स यांचे सिद्धांतही याच प्रवाहातील असून भारतातील परिचर्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही अशा सिद्धांतांचा परिचय करून दिला जातो. बरा न होणारा रुग्णही परिचर्येचा पूर्ण अधिकारी आहे, या जाणिवेला शास्त्रीय चर्चेत स्थान मिळवून देणे, हे या विचारसरणीचे महत्त्वाचे कार्य होय.