साडेआठला सुरू होणारा दिवस

२५ जुलै २०२४ या तारखेपुढे ताम्हिणीच्या नावावर ५५६ मिलिमीटर पाऊस आहे. चोवीस तासांत. पुणे शहरात जून ते सप्टेंबर मिळून जेवढा पडतो, त्याच्याहून हा फारसा कमी नाही. त्या वर्षीचा पावसाळा संपला तेव्हा ताम्हिणीचा आकडा नऊ हजारांच्या पुढे गेला होता, आणि "चेरापुंजीला मागे टाकलं" अशा बातम्या फिरत होत्या.

अशा बातम्या वाचल्या की मला आधी मूळ नोंद बघावीशी वाटते. म्हणून हवामान खात्याच्या रोजच्या याद्यांमधून घाटमाथ्यावरच्या केंद्रांचे आकडे मी एका एसक्यूलाइट फाइलीत भरायला घेतले. दोन तक्ते. एकात केंद्रं: क्रमांक, नाव, तालुका. दुसऱ्यात पाऊस: केंद्राचा क्रमांक, तारीख, मिलिमीटर. नाव दुसऱ्या तक्त्यात लिहायचंच नाही, कारण कुणी ताम्हिणी लिहितं, कुणी तामिणी. क्रमांक मात्र एकच राहतो. मग काळ्या पडद्यावर प्रश्न टाइप करायचा. बटणं नाहीत, रंगीत आलेख नाहीत. पाऊस निवड, अमुक तक्त्यातून, जिथे केंद्र हे आणि तारीख ही, शेवटी अर्धविराम. तो विसरलात तर प्रोग्राम रागवत नाही, नुसतीच पुढची रिकामी ओळ दाखवत वाट बघतो.

हे फोनवरही होतं. अँड्रॉइडवर टर्मक्स घ्या, त्यात एसक्यूलाइट बसवा, झालं. खरं तर एसक्यूलाइट तुमच्या खिशात आधीपासून आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचे मेसेज त्याच्याच फाइलींत साठतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते लिहिलं. त्याची सुरुवात अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या कामातून झाली. तिथे डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की सगळंच अडायचं, म्हणून सर्व्हर लागणारच नाही असा डेटाबेस त्यांनी केला. ताम्हिणीच्या घाटात रेंज जाते तेव्हा या युद्धनौकेची आठवण हटकून येते.

प्रश्न विचारायची ही पद्धत मात्र त्याहून तीस वर्षं जुनी. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात. कुठल्या रुमालात काय आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्याकडेच जावं लागतं. साठच्या दशकातले संगणकातले साठे असेच होते: माहिती झाडाच्या फांद्यांसारखी बांधलेली, आणि कुठल्या फांदीवरून कुठे उतरायचं ते प्रोग्रामरलाच माहीत. आयबीएममधल्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला. त्याचा आग्रह साधा होता: विचारणाऱ्याला रुमाल माहीत असायची गरज पडू नये. त्याने काय हवं ते सांगावं. कुठून आणि कसं काढायचं ते यंत्राने बघावं. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा मांडली, सीक्वेल. एका विमान कंपनीचा त्या नावावर हक्क होता म्हणून ती पुढे एसक्यूएल झाली. बॉइस त्याच वर्षी अगदी तरुणपणी गेले. ही भाषा प्रोग्रामर नसलेल्या माणसांना वापरता यावी हा दोघांचा हेतू होता. तो पुरता साधला नाही, पण मोडीतही निघाला नाही.

बर्कलीत १९८६ पासून घडत असलेल्या पोस्टग्रेसला ही भाषा मिळाली ती १९९५ च्या आसपास. अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी ती बसवली आणि सोबत पीएसक्यूएल नावाचा काळा पडदाही दिला. त्यात वरचा बाण दाबला की मागचा प्रश्न परत येतो. मला ही फार मोठी सोय वाटते. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न बहुधा आपल्याला विचारायचा असलेला प्रश्न नसतोच.

उदाहरण मुंबईचं. २६ जुलै २००५ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण सांताक्रूझच्या नोंदीत त्या तारखेचा पाऊस मागा. ९४४ मिलिमीटर मिळणार नाहीत. ते २७ जुलैपुढे आहेत. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि तारीख लागते ती संपण्याची. सव्वीसच्या दुपारी तुंबलेली मुंबई कागदावर सत्ताविसावर गेली ती अशी. त्याच नोंदीत कुलाब्याला ७३ मिलिमीटर आहेत. एकाच शहराची दोन टोकं. ताम्हिणीचे ५५६ देखील चोवीस जुलैच्या सकाळपासूनचे. त्या पहाटे पुण्यात एकता नगरीत पाणी शिरलं, पण ते खडकवासल्याचं, मुठेचं. ताम्हिणीकडचं पाणी मुळशीच्या तलावात उतरतं. तारीख जुळली म्हणून दोन्ही एका दमात जोडणारे फॉरवर्ड मी पाहिले आहेत. तक्त्यात नदीचा रकाना असता तर ते जुळले नसते.

दुसरी गोष्ट रिकाम्या घराची. पावसाच्या यादीत एखाद्या दिवशी आकडा नसतो. पाऊस पडला नाही, असा त्याचा अर्थ नाही. कुणी मोजला नाही किंवा कळवला नाही, एवढाच. त्यासाठी नल आहे. शून्य नव्हे, रिकामी जागा नव्हे, "माहीत नाही". नल कशाच्याही बरोबर नसतो, स्वतःच्याही नाही. म्हणून "पाऊस बरोबर नल" असं विचारलं तर एकही ओळ येत नाही, "पाऊस नल आहे" असंच विचारावं लागतं. सरासरी काढताना असे दिवस वगळले जातात. पण फाइल थेट एसक्यूलाइटमध्ये ओढली तर रिकामी घरं नल होत नाहीत, रिकामा मजकूर होतात, आणि सरासरीत तो मजकूर शून्य म्हणून मोजला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. (देवनागरीत लिहिलेले ५५६ सुद्धा त्याला मजकूरच वाटतात, म्हणजे बेरजेत शून्य. तक्त्याचं नाव मात्र "पाऊस" ठेवलं तर तक्रार नाही.) घाटात न मोजलेला दिवस बऱ्याचदा सगळ्यात वाईट दिवस असतो. रस्ता खचलेला, वीज गेलेली. तो शून्य धरला की सरासरीच खाली येते.

म्हणून मी रोज एक प्रश्न विचारते: केंद्रांचा तक्ता डावीकडे ठेवून पावसाचा त्याला जोड, आणि ज्यांना जोडीदार मिळाला नाही तेवढे दाखव. आज गप्प कोण राहिलं, त्यांची नावं येतात.

पण या प्रश्नालाही एक मर्यादा आहे. डावीकडच्या तक्त्यात ज्याचं नावच नाही, ते कधीच उत्तरात येत नाही. घाटमाथ्यावरची केंद्रं बघा: शिरगाव, दावडी, अंबोणे, ताम्हिणी. या दुर्गम पट्ट्यात इतकी मापकं का? तलावावर वीज काढायची तर पाणलोटातला पाऊस मोजावाच लागतो. जिथे पावसाला किंमत आहे, तिथे तो आधी मोजला जातो. टाटांचं मुळशी धरण १९२७ मध्ये पुरं झालं. त्याआधी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी तिथे सत्याग्रह सुरू केला होता. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते इथेच. जमिनी भूसंपादन कायद्याने गेल्या. पुण्यातल्या अनेक सावकारांना मोबदल्यात रस होता, कसणाऱ्यांना जमिनीत, आणि त्या फटीतून लढा सुटत गेला. पन्नासहून अधिक गावांना त्याची झळ लागली.

त्या गावांसाठी मी आता तिसरा तक्ता करते आहे. गावाचं नाव, जमीन केव्हा गेली, माणसं कुठे गेली. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नल आहे. तिथे काहीही भरता येऊ नये अशी अट घातलेली नाही, आणि रिकामा मजकूर चालणार नाही अशी मात्र घातली आहे.