जांभा, जीप आणि दुसरा 'एम'

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीजवळच्या एका चिरेखाणीच्या वाटेवर माझी जुनी जीप कडेच्या दगडावर बसली आणि दाराखालचा पत्रा आत गेला. आपला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पत्र्याचं त्याच्यापुढे काय चालणार!

मग ठरवलं, घरीच रॉक स्लायडर करायचे. म्हणजे दोन्ही दारांखाली जाड लोखंडी पाइप. गाडी दगडावर टेकली तरी वजन पत्र्यावर न येता चासीवर यावं, एवढाच हेतू. आमच्या मोहल्ल्यातले वेल्डर चाचा म्हणाले, "पाइप चासीलाच जोडायचा. पत्र्याला जोडलास तर पहिल्याच दगडाला पत्र्यासकट निघेल." आधी बॅटरीची वायर काढली. चासीचा रंग आणि गंज घासून लोखंड उघडं केलं. जोडावर पट्ट्या ठेवून आधी नुसते टाके मारले, मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं वेल्डिंग केलं. एका दमात केलं तर उष्णतेने पाइप वाकतो. शेवटी रेड ऑक्साइडचे हात. खाऱ्या हवेत ते चुकवून चालत नाही.

रंग वाळेपर्यंत चाचांच्या हाताखालच्या पोराने विचारलं, "एम अँड एममधला दुसरा एम कोणाचा?"

मी म्हटलं, "आता महिंद्राच. पण आधी मोहम्मद होता."

त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. पण 1945 साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली इथली कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने सहा लाखांवर बनवलेली जीप भारतात जोडून विकली, ती याच कंपनीने.

त्यांचं नाव कोणी खोडलं नाही. ते स्वतः गेले. माझी तक्रार त्याबद्दल नाही. गेलेल्या एका माणसाची गोष्ट निदान पुस्तकांत सापडते. इथेच राहून गॅरेजात, चिरेखाणीत, बंदरावर हात काळे केलेल्यांची कुठे सापडते? आमच्या चाचांनी आजवर किती गाड्या जोडल्या, याची वही कोणी ठेवलेली नाही.

संध्याकाळी स्लायडरखाली जॅक लावून गाडी उचलून पाहिली. दोन्ही बाजूंचे जोड पक्के निघाले. पोराने खडूने पाइपवर तारीख लिहिली. मी त्याला खाली चाचांचं नावही लिहायला लावलं.