मागणी, पोच आणि पाळी : एका जुन्या प्रशासकीय प्रश्नाचा इतिहास

प्रशासनाचा इतिहास लिहिताना राजे, कायदे आणि सुधारणा यांना भरपूर जागा मिळते. पण ज्या एका प्रश्नाशी प्रत्येक कार्यालय रोज सकाळी झगडते, त्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. मागणारे अनेक, करणारे थोडे. मग कोणाचे काम आधी करावयाचे, आणि हे ठरवावयाचे कोणी? हा प्रश्न सतराव्या शतकातील दरबारापुढे होता, तालुक्याच्या कचेरीपुढे होता, आणि आज एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळाची रचना करणाऱ्या विभागापुढेही तोच आहे. त्याचा थोडा माग येथे घ्यावयाचा आहे.

निमित्त सांगतो. निवृत्तीनंतर माझे वास्तव्य बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये असते. जयप्रकाश नारायण यांच्या नावाची ही वसाहत इतकी पसरली आहे की 'कितवा फेज' हे सांगितल्याशिवाय रिक्षावाला हलत नाही. आमच्या इमारतीतील एक मराठी तरुणी जवळच्याच एका खासगी कंपनीत डिजिटल विभागाची प्रमुख आहे. संकेतस्थळाची पाने रचणे, अर्जाचे नमुने तयार करणे, जाहिरातीचे फलक चढवणे ही तिच्या विभागाची कामे. ती एकदा म्हणाली, "काका, तुम्ही आयुष्यभर अर्जांचे ढीग उपसलेत. आमचा ढीग एकदा पाहाल का?"

मी पाहिला. खरे तर ढीग कोठेच नव्हता, आणि तीच अडचण होती. विक्री विभाग ई-मेलने मागणी करी, मनुष्यबळ विभाग फोनवर, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर, तर कोणी जेवणाच्या टेबलावर. मी सुचवले की प्रत्येकाने आपल्याकडे थकलेली कामे एका कागदावर लिहून काढावीत. त्या यादीत एकच फलक दोन विभागांनी वेगवेगळ्या मापात मागितलेला सापडला. काही कामे कोणी मागितली होती हेच कोणाला आठवेना. आणि एका ओळीपाशी सर्वजण गप्प झाले. एका अंध ग्राहकाने कळवले होते की तक्रार नोंदवण्याच्या पानावरील बटणांना नावेच दिलेली नाहीत. पडदा वाचून दाखवणारी त्याची प्रणाली केवळ 'बटण, बटण' एवढेच उच्चारते. ही मागणी सात महिने पडून होती. त्याच काळात दिवाळीचा फलक दोन दिवसांत लागला होता, कारण त्यासाठी संचालकांचा फोन आला होता. त्या विभागात कोणी दुष्ट नव्हते. त्या ग्राहकाच्या वतीने फोन करणारे कोणी नव्हते, इतकेच.

आता इतिहासाकडे वळू. बंगळूरला कब्बन पार्कात 'अट्टारा कचेरी' नावाची भव्य तांबडी इमारत आहे. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. कन्नडमध्ये अठराला 'हदिनेंटु' म्हणतात, त्यामुळे या नावाचा उलगडा मराठी माणसाला अधिक सहज होतो : अठरा कचेऱ्या. ही कल्पना म्हैसूरचे राजे चिक्क देवराज वडियार (कारकीर्द 1673 ते 1704) यांच्यापर्यंत मागे जाते. त्यांनी औरंगजेबाकडे वकील पाठवले आणि मोगली नमुन्यावरून आपला कारभार अठरा चावड्यांत विभागला, असे जुने वृत्तांत सांगतात. जकातीची 'सुंकद चावडी', टपाल व बातमीची 'बेहिन चावडी', इतकेच काय, लोण्याची 'बेण्णे चावडी' आणि तंबाखूचीही स्वतंत्र चावडी होती. या यादीच्या आरंभी 'निरूपद चावडी' आहे. आलेले लेखी अर्ज राजासमोर ठेवावयाचे आणि त्यांवरील आज्ञा कळवावयाच्या, हे तिचे काम. तिच्यासाठी अधिकारी आणि दप्तरदार नेमलेले होते. अर्ज स्वीकारणे हेच स्वतंत्र, जबाबदारीचे काम आहे, ते जाता जाता उरकण्याचे नव्हे, ही समज सव्वातीनशे वर्षांपूर्वी याच भूमीत होती.

तरीही राजाचा कान एकच असतो. 1831 साली इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार हाती घेतला आणि 1834 ते 1861 या काळात मार्क कब्बन आयुक्त होते. त्या काळी म्हैसूरच्या कचेऱ्यांत कन्नडबरोबर मराठीतही दप्तर चाले, हे आपल्या वाचकांस मौजेचे वाटेल. कब्बन यांनी जुने देशी अधिकारी आणि जुन्या रीती शक्य तितक्या राखल्या. चार विभागांवर चार सुपरिंटेंडेंट आणि सर्वांच्या वर ते स्वतः. त्यांच्या सचोटीबद्दल व कर्तबगारीबद्दल इतिहासकार गौरवानेच लिहितात. परंतु ही घडी मुख्यतः एका माणसाच्या बळावर उभी होती. त्यांच्यानंतर लुइन बाउरिंग आले आणि 1862-63 मध्ये राज्याचे तीन विभाग व आठ जिल्हे करण्यात आले. कामे खात्यांत वाटली गेली. टिपूच्या जुन्या राजवाड्यात कोंबलेली दप्तरे 1868 मध्ये नव्या अट्टारा कचेरीत आली. चांगला माणूस हा व्यवस्थेला पर्याय होऊ शकत नाही; तो असेपर्यंत व्यवस्थेची उणीव झाकली जाते, एवढेच. जे. पी. नगरमधील आमच्या तरुणीचेही तसेच होते. सर्व मागण्या तिच्या डोक्यात होत्या, आणि ती रजेवर गेली की विभाग आंधळा होई.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचे एक उत्तर आपल्या अगदी परिचयाच्या कागदात दडलेले आहे. तो कागद म्हणजे फेरफाराची नोंदवही, गाव नमुना सहा. वारसाने वा खरेदीने जमिनीत हक्क मिळाला की त्याची वर्दी द्यावयाची, आणि वर्दी देणाऱ्यास तत्काळ लेखी पोच द्यावयाची, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 149 सांगते. कलम 150 अन्वये त्या वर्दीची नोंदवहीत नोंद होते, तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना सूचना जाते. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये, जाते. या सर्वानंतर प्रमाणन करणारा अधिकारी निराळा असतो.

या रचनेतील शहाणपण मला फार मोलाचे वाटते. येथे मागणीची नोंद घेणे आणि मागणी मान्य करणे या दोन क्रिया वेगळ्या केल्या आहेत. नोंद घेणाऱ्याला नकाराचा अधिकार नाही. नकार देणाऱ्याला नोंद पुसण्याचा अधिकार नाही. प्रत्यक्षात तलाठी कार्यालयात काय काय घडते हे मला ठाऊक आहे, आणि वाचकांसही. पण रचना भ्रष्ट होऊ शकते म्हणून ती चुकीची ठरत नाही. उलट, जेथे पोच मिळत नाही तेथेच चिरीमिरीला वाव राहतो.

दुसरी गोष्ट सहा गठ्ठे पद्धतीची. प्रत्येक कारकुनाने आपली कागदपत्रे सहा गठ्ठ्यांत लावावयाची : चालू प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची आणि नष्ट करावयाची. यांतील 'प्रलंबित' आणि 'प्रतीक्षाधीन' हा भेद महत्त्वाचा. पहिल्यात काम माझ्यामुळे थांबले आहे. दुसऱ्यात दुसऱ्याच्या उत्तरासाठी. हा भेद केला नाही की करणारा आणि मागणारा एकमेकांना दोष देत बसतात. डिजिटल विभागाच्या यादीतील कितीतरी पाने मागणाऱ्याने छायाचित्रे वा मजकूर न दिल्यामुळे अडली होती, पण नाव मात्र त्या विभागाचेच खराब होत होते. 1980 च्या दशकात अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची पुनर्रचना केली. तिचा, म्हणजे 'लखिना पॅटर्न'चा, गाभाही मला हाच वाटतो : नागरिकाला आपले प्रकरण कोणाकडे आहे हे कळले पाहिजे.

खासगी क्षेत्राला हे सारे सरकारी वाटेल. म्हणून हैदराबादेतील एक प्रसिद्ध उदाहरण देतो. मायक्रोसॉफ्टच्या सुमारे 80 अंतर्गत संगणकप्रणालींत बदल करून देणारा एक गट तेथे होता. 2004 च्या सुमारास मागणी आल्यापासून काम हाती पडेपर्यंत जवळजवळ 5 महिने लागत. ड्रॅगोस दुमित्रिऊ या व्यवस्थापकाने डेव्हिड अँडरसन यांच्या साहाय्याने कारण शोधले. प्रत्येक मागणीला 48 तासांत खर्चाचा अंदाज द्यावा असा नियम होता, आणि या अंदाजांतच गटाची सुमारे एक-तृतीयांश शक्ती संपत होती. शिवाय अंदाज दिलेली कितीतरी कामे पुढे होतच नसत. त्यांनी हे अंदाज बंद केले, एका वेळी हाती घ्यावयाच्या कामांवर मर्यादा घातली, आणि जागा रिकामी झाली की पुढचे काम मागणाऱ्या विभागांनीच आपसांत निवडावे असे ठरवले. नऊ महिन्यांत हा गट कंपनीतील त्या प्रकारच्या गटांत तळातून वर आला. टोयोटाच्या कारखान्यातील 'कानबान' हे नाव संगणकक्षेत्रात रूढ होण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

येथे सरकारी इतिहासाने न दिलेला एक धडा मिळतो. नोंदवही मागणीला क्रमांक देते, पण करणाऱ्याच्या शक्तीची सीमा सांगत नाही. आमच्याकडे तर सीमेऐवजी मुदतच घालतात. महाराष्ट्रात विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमाने कोणतीही नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये असे सांगितले. कर्नाटकाने 2011 च्या कायद्यान्वये 'सकाल' योजना आणली; तीत अर्जदाराला क्रमांक मिळतो आणि उशीर झाल्यास दिवसाला 20 रुपये, कमाल 500 रुपये भरपाई. या तरतुदी आवश्यकच आहेत. पण मुदत पाळावयास माणसे पुरेशी आहेत काय, हा प्रश्न कायदा विचारीत नाही. तो व्यवस्थापनाने विचारावयाचा असतो.

सरकारी संकेतस्थळांच्या बाबतीत ही समज हळूहळू आली. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 4 ने प्रत्येक कार्यालयावर 17 बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. 2009 मध्ये भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि प्रत्येक संकेतस्थळाला एक जबाबदार 'वेब माहिती व्यवस्थापक' असावा असे ठरले. मजकूर कोणी द्यावयाचा, कोणी मंजूर करावयाचा, कधी तपासावयाचा, जुना झाला की कोठे ठेवावयाचा, यांची धोरणे लिहिली गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खालील 2017 च्या नियमांनी याच तत्त्वांचा आधार घेऊन सुगम्यतेला कायद्याचे बळ दिले. आणि त्या अधिनियमाचे कलम 46 खासगी सेवादात्यांनाही वगळत नाही.

हे कलम मी त्या तरुणीस दाखवले. तिने पुढे केले ते असे : मागणी कोठूनही येवो, नोंद एकाच ठिकाणी आणि पोच त्याच दिवशी. नोंदीत मागणाऱ्याचे नाव, हेतू आणि काम कोणाकडे थांबले आहे हे लिहावयाचे. दर सोमवारी विभागप्रमुखांनी एकत्र बसून मोजकीच कामे निवडावयाची, आणि न निवडलेल्यांना कारण कळवावयाचे. कायद्याने बंधनकारक कामे या स्पर्धेत ठेवावयाचीच नाहीत, ती आधी. त्या ग्राहकाच्या पानावरील बटणांना नावे द्यावयास एक दुपार पुरली. संचालकांचे फोन अजूनही येतात, पण आता त्यांचीही नोंद होते, आणि कोणाचे काम मागे सारून फलक लावला हे सर्वांना दिसते. त्यामुळे फोन कमी झाले आहेत.

पोच, नोंद, पाळी, सकारण नकार हे सारे कारकुनी सोपस्कार आहेत असे आपल्याकडे हिणवून म्हटले जाते. ज्याची ओळख आहे, ज्याचा आवाज मोठा आहे, त्याला यांची गरज नसते. त्याचे काम नोंदवहीवाचूनही होते. नोंदवहीची गरज असते ती दाराबाहेर उभ्या असलेल्याला. तेव्हा आपले कार्यालय सरकारी असो वा खासगी, त्याची परीक्षा घेण्याचा एक सोपा मार्ग मी सुचवतो. सर्वांत जुनी अनुत्तरित मागणी कोणती, ती शोधावी. आणि ती कोणाची आहे, हे पाहावे.