टॉर्स्टेन हॉलमन : मोटोक्रॉसपटू ते उद्योजक

क्रीडा-इतिहासात विजेत्यांची नोंद सविस्तर होते; खेळाभोवती उभ्या राहिलेल्या व्यवसायाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. स्वीडनचे मोटोक्रॉसपटू टॉर्स्टेन हॉलमन (जन्म १९३९) यांच्या कारकिर्दीत या दोन्ही बाजू एकत्र आलेल्या दिसतात.

चढ-उतार, खाचखळगे आणि चिखल यांनी भरलेल्या आखीव मार्गावर मोटारसायकल पळविण्याचा हा क्रीडाप्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात झपाट्याने रुजला. मूळच्या शस्त्रनिर्मात्या हुस्क्वार्ना कंपनीच्या गाडीवर हॉलमन यांनी २५० सी.सी. गटाचे विश्वविजेतेपद १९६२, १९६३, १९६६ आणि १९६७ असे चार वेळा मिळविले. १९६८ मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेर यांनी ते त्यांच्याकडून हिरावून घेतले.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो १९६६ मधील अमेरिका-दौरा. हुस्क्वार्नाचे अमेरिकेतील आयातदार एडिसन डाय यांना गाड्या खपवायच्या होत्या. परंतु सपाट मातीच्या वर्तुळाकार धावपट्टीला आणि वाळवंटी शर्यतींना सरावलेल्या तेथील चालकांना मोटोक्रॉस जवळजवळ अपरिचित होते. जाहिरातीऐवजी डाय यांनी विश्वविजेताच आणून उभा केला. हॉलमन ज्या २३ शर्यतींत उतरले त्या सर्व त्यांनी जिंकल्या. पुढील वर्षांत डाय यांनी इतर युरोपीय खेळाडूंनाही बोलाविले आणि या खेळाला अमेरिकेत चाहता वर्ग मिळाला.

याच पार्श्वभूमीवर १९६८ मध्ये हॉलमन यांनी शर्यतपटूंच्या पोशाखाचा व्यवसाय आरंभिला. ‘टॉर्स्टेन हॉलमन ओरिजिनल रेसवेअर’ या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळविली की ‘थॉर’ हे नॉर्स पुराणातील मेघगर्जनेच्या देवतेचे नाव तयार होते. हा योग व्यापाराला पोषकच ठरला असावा. या यशाचे सारे श्रेय हॉलमन यांच्या दूरदृष्टीला देणे मात्र एकांगी होईल. बाजारपेठ घडविण्यात डाय यांच्या व्यापारी गरजेचा वाटा मोठा होता. हॉलमन यांचे खरे भांडवल होते ते शर्यतीच्या मैदानावर मिळविलेली विश्वासार्हता.

त्याच विश्वासार्हतेचा उपयोग जपानी उद्योगालाही झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी यामाहाने मोटोक्रॉस गाडीच्या विकासासाठी हॉलमन यांचे साहाय्य घेतले. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बरऐवजी एकच वापरण्याची बेल्जियन अभियंते ल्युसिएन टिल्केन्स यांची रचना यामाहाने स्वीकारली होती. ती असलेल्या गाडीवर स्वीडनच्याच हाकान अँडरसन यांनी १९७३ चे २५० सी.सी. विश्वविजेतेपद पटकाविले, आणि अल्पावधीत इतर उत्पादकांनाही मागील निलंबन-रचनेचा पुनर्विचार करावा लागला.

‘थॉर’ची मालकी कालांतराने अमेरिकेतील लेमान्स कॉर्पोरेशनकडे गेली. संस्थापकाचे नाव आद्याक्षरांपुरते उरले, तरी तयार मालाचा ग्राहक मुख्यतः जेथे होता तेथेच तो उद्योग अखेर स्थिरावला. दरम्यान मैदानावरील चित्रही पालटले होते. १९८१ मध्ये अमेरिकी संघाने मोटोक्रॉसची राष्ट्रसंघ स्पर्धा प्रथमच जिंकली. हॉलमन यांनी चार वेळा मिळविलेले २५० सी.सी. गटाचे विश्वविजेतेपद १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डॅनी लापोर्ट यांनी यामाहाच्या गाडीवर जिंकले.